घ्या मॅडम, पन्नास रुपये

*काका, नमस्कार. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचा कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या बॉक्सचा छोटा कारखाना आहे. बाबांनी २२ वर्षं चालवला. मागच्या दिवाळीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याची नोकरी सोडून आले. ३१ कामगार आहेत. माणूस कशानं मन लावून काम करतो ते सांगणारे मास्लो, हर्झबर्ग, मॅकग्रेगर सगळे एमबीएला शिकले होते, म्हटलं इथे वापरू. दिवाळीनंतर कारखान्याची वेळ साडेआठची आठ केली. दहा मिनिटांवर उशीर झाला की ५० रुपये दंड लावला. पेस्टिंगच्या, म्हणजे बॉक्स गमनं चिकटवायच्या टेबलांना दिवसाला १,००० बॉक्सच्या वर इन्सेन्टिव्ह सुरू केला. दोन महिन्यांत सगळी टेबलं १,००० ओलांडायला लागली म्हणून हद्द १,१५० केली. ‘महिन्याचा उत्तम कामगार’ निवडून त्याचा फोटो आणि २,००० रुपये. शनिवारी शेवटचा अर्धा तास सगळ्यांचे खेळ.*

*आता ऐका. आधी रोज तीन-चार जण उशिरा यायचे, आता आठ-दहा येतात आणि हसत म्हणतात, “घ्या मॅडम, पन्नास रुपये, पावती फाडा.” पेस्टिंगची टेबलं १,००० च्या आसपासच अडकलीत. उत्तम कामगार म्हणून ज्या पोराचा फोटो लावला, त्यानं पुढच्या महिन्यात स्वतःच येऊन सांगितलं, मॅडम, माझं नाव नका घेऊ. आणि स्टिचिंगचे, म्हणजे बॉक्सला तारेचे टाके मारायच्या मशीनवरचे मामा, १९ वर्षांपासून आमच्याकडे आहेत, ते माझ्याशी बोलायचेच बंद झालेत. मशीन बिघडलं तरी सांगत नाहीत. त्यांच्यावर मी डिप्लोमा झालेला एक सुपरवायझर नेमलाय, तो चांगला मुलगा आहे. बाबा म्हणतात, पगार वेळेवर दे, डोकं लावू नको. नवरा म्हणतो, धाक पाहिजे. तुम्ही सांगा, नेमका कोणता सिद्धांत लावू? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, अहो-जाहो करू नका.*

*— हिंगण्याची गोंधळलेली मालकीण*

बेटा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा ‘पावती फाडा’ला हसलो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ३१ माणसांबद्दल एवढं लिहिलंस, पण त्यांच्यापैकी कुणी स्वतःहून काय म्हणालं ते फक्त दोन जागी आलंय: एकदा पावती फाडा म्हणून, आणि एकदा माझं नाव घेऊ नका म्हणून. तिसऱ्यांदा वाचलं ते तू ओघात लिहून गेलीस त्या गोष्टींसाठी. साडेआठची आठ. १,००० चे १,१५०. मामांच्या वर डिप्लोमावाला. तुझ्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तूच लिहून पाठवलीयेस.

दंडापासून सुरू करतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांमध्ये असाच प्रकार झाला होता. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि शिक्षिका ताटकळत बसायच्या. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यातल्या काही पाळणाघरांत दहा मिनिटांवर उशीर झाला की दंड, असा नियम लावून पाहिला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला, जवळजवळ दुप्पट झाला. २००० साली त्यांनी हे छापलं. आधी उशीर झाला की बाईंसमोर मान खाली घालावी लागायची. आता दहा शेकेल दिले की हिशेब मिटला. लाज होती तिथे भाव लागला. तुझ्या दारातही हेच होऊन राहिलंय. तुझ्या बाबांच्या वेळी उशिरा येणारा मागच्या बाजूनं हळूच शिरत असेल, आता तो ५० रुपये मोजून छाती काढून येतो. त्यानं अर्धा तास विकत घेतलाय तुझ्याकडून, आणि स्वस्तात घेतलाय.

त्या प्रयोगातला पुढचा भाग मात्र तुला आवडणार नाही. दंड काढून टाकल्यावरही उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. एकदा विकायला काढलेली लाज परत आत ठेवता येत नाही. म्हणून दंड बंद करशील, तो करच, तेव्हा आठवड्याभरात चमत्काराची वाट पाहू नको.

आणि बंद कर हे फक्त मानसशास्त्र म्हणून सांगत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यापासून दंडाला मर्यादा आहे, नव्या वेतन संहितेतही ती आहे: एका पगारकाळातला एकूण दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. १३,००० पगार असेल तर ३९० रुपये, म्हणजे तुझ्या हिशेबानं सात उशीर. दंड लावायचा तो मंजूर यादीतल्या चुकीसाठी, ती यादी आधी बोर्डावर लावून, माणसाला बाजू मांडू देऊन, वहीत नोंद करून. आणि जमलेला पैसा कामगारांच्या हितासाठीच खर्च व्हायला हवा. यातलं किती पाळलंस ते तूच पाहा. गोळा झालेली रक्कम त्यांच्याचसाठी वापर आणि कशावर वापरायची ते त्यांनाच ठरवू दे.

आता उशीर का होतो? साडेआठला तीन-चार जण, आठला आठ-दहा. यात दंडाचा हात आहे, पण घड्याळाचाही आहे. पेस्टिंगला बहुतेक बायाच असतील. सकाळी नळ किती वाजता येतो, डबे किती करायचे, पोरं कुणाकडे सोडायची, बस कितीला मिळते, यातलं काही विचारलं होतंस वेळ बदलताना? कदाचित आठची वेळ खरंच गरजेची असेल. मग फक्त गाडी भरणाऱ्यांना आठला बोलाव, पेस्टिंग साडेआठलाच ठेव. सगळ्या ३१ जणांनी एकाच मिनिटाला दारातून आत यायचं, हा हट्ट कुठल्या सिद्धांतात आहे मला माहीत नाही.

मी काही शहाणा होतो असं समजू नको. पर्सोनेल खात्यात नवा होतो तेव्हा एका कारखान्यात मी हजेरीचं बक्षीस काढलं होतं. महिनाभर एकही खाडा नाही, त्याला स्टीलचा मोठा डबा. मोठा गाजावाजा केला. पावसाळ्यात एक जण डोळे आलेले असताना डब्यासाठी कामावर आला आणि आठ दिवसांत अख्ख्या खात्याचे डोळे आले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एवढंच विचारलं, “डबे किती उरलेत?” आजही घरात तसला एक आहे, बायको त्यात तुरीची डाळ ठेवते.

आता पेस्टिंगचं. शिकागोजवळ सिसरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तू पुस्तकात वाचलं असशील ते तिथल्या दिव्यांबद्दल: उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं. परीक्षेला तेवढंच विचारतात. तुझ्या कामाची गोष्ट त्याच कारखान्यात पुढे घडली, १९३१-३२ मध्ये. टेलिफोन एक्सचेंजच्या वायरिंगचं काम करणारे १४ जण एका खोलीत बसवले आणि एक माणूस कोपऱ्यात बसून फक्त बघत राहिला. कंपनीचा हिशेब असा की गटाचं उत्पादन वाढलं की सगळ्यांचे पैसे वाढतात, म्हणजे सगळे एकमेकांना पुढे ढकलतील. झालं उलटं. ‘एका दिवसाचं योग्य काम’ म्हणजे किती ते त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. त्याहून जास्त करणाऱ्याला टोमणे मारायचे, तरी ऐकलं नाही तर हाताच्या दंडावर ठोसा. फार कमी करणाऱ्यालाही सोडत नसत. कारण साधं होतं: आज जास्त करून दाखवलं तर उद्या साहेब दर कापतील किंवा माणसं कमी करतील.

त्या १४ जणांची ती भीती होती. तू मात्र दोन महिन्यांत ती खरी करून दाखवलीस. टेबलांनी १,००० ओलांडले आणि तू रेघ १,१५० वर नेलीस. बायांनी काय समजायचं? जेवढं पळू तेवढी रेघ पुढे. मग त्या १,००० ला थांबल्या. याला आळस म्हणू नको, त्यांना गणित येतं. आणि उत्तम कामगाराचा फोटो लावलेला तो पोरगा? मोठ्यानं कुणी काही म्हटलं नसेल त्याला, पण जेवणाच्या सुट्टीत शेजारची जागा रिकामी राहिली असेल. २,००० रुपयांसाठी वर्षभर एकट्यानं डबा खायचा सौदा त्याला परवडला नाही. शहाणा आहे पोट्टा.

फोटो उतरव, गाजावाजा न करता. त्या जागी दुसरं काही लावूही नको. इन्सेन्टिव्ह ठेवायचाच असेल तर हद्द परत १,००० वर आण आणि कागदावर लिहून, सही करून बोर्डावर लाव की नवं मशीन येईपर्यंत किंवा बॉक्सची जात बदलेपर्यंत वर्षभर ही हद्द हलणार नाही. मग वर्षभर खरंच हलवू नको, टेबलं १,४०० वर गेली तरी. तेव्हा तुझा हात शिवशिवेल. नवरा म्हणेल, जास्त पैसे जाऊन राहिले. जाऊ दे. १,४०० बॉक्सही जाऊन राहिलेत ना गाडीत!

मामांवर येतो. पत्रात सगळ्यात कमी ओळी त्यांच्यावर आहेत, आणि मला वाटतं सगळ्यात महागात तेच पडताहेत.

१९६० च्या दशकात जे. स्टेसी अॅडम्स या मानसशास्त्रज्ञानं मांडलं की माणूस पगाराचा आकडा एकटा बघत नाही. मी काय घालतो आणि मला काय मिळतं हे तो मोजतो, आणि शेजारी काय घालतो, त्याला काय मिळतं याच्याशी ताडून पाहतो. ताळा जमला नाही की तो स्वतःच जमवून घेतो: मागतो, सोडून जातो, नाहीतर स्वतः घालतो ते कमी करतो. मामांनी तिसरी वाट धरली. १९ वर्षं मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखायचा आणि येऊन सांगायचा, ही त्यांची देणगी होती. पगारात ती कधी नव्हती. ती त्यांनी काढून घेतली. तुला वाटतं ते रुसलेत. माझ्या मते त्यांनी हिशेब बरोबर केलाय.

सुपरवायझरचा पगार तू लिहिला नाहीस. मामांपेक्षा जास्त असणार, धरून चालतो. मामांनाही तो आकडा माहीत असणार, छोट्या कारखान्यात पगाराचा आकडा दोन चहात सगळीकडे पोचतो.

इथे हर्झबर्ग तुझ्या कामी येईल. १९५९ साली त्याचं पुस्तक आलं. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या भागातल्या २०० च्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं: कामावर अतिशय छान वाटलं असा प्रसंग सांगा, अतिशय वाईट वाटलं असाही सांगा. दोन्हींची कारणं एक नव्हती. छान वाटलं ते काहीतरी साधल्याबद्दल, कुणी दखल घेतल्याबद्दल, कामाबद्दल, जबाबदारीबद्दल. वाईट वाटलं ते कंपनीच्या कारभाराबद्दल, वरच्या साहेबाबद्दल, पगाराबद्दल, कामाच्या जागेबद्दल. दुसऱ्या यादीतल्या गोष्टी गटारासारख्या. वाहत असलं म्हणून कुणी सत्यनारायण घालत नाही, पण तुंबलं की अख्खी गल्ली आजारी पडते. तुझे बाबा ‘पगार वेळेवर दे’ म्हणतात ते याच गटाराबद्दल. २२ वर्षं त्यांनी ते तुंबू दिलं नाही, ही लहान गोष्ट नाही. फक्त एवढ्यावर मामा परत बोलायला लागणार नाहीत, इतकंच.

हर्झबर्गवरही टीका झालीच. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला देतो, वाईट झालं की खापर कंपनीवर फोडतो, मग याद्या अशाच निघणार. शिवाय ते सगळे पांढरपेशे, गमच्या वासात दिवस काढणारे नाहीत. टीका पटण्यासारखी आहे. तरी त्याचा तो प्रश्न मला अजून कामाचा वाटतो. तुझ्या ३१ जणांना कुणी तो विचारलाय का?

आणि नागपुरात राहून आपण हे सगळं पिट्सबर्गकडून शिकावं याचं मला थोडं हसूही येतं. तू ज्या एम्प्रेस मॉलमध्ये सिनेमा बघायला जात असशील तिथे एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांची, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. सुरुवातीला तिथेही खाडे हीच मोठी डोकेदुखी होती. त्यांनी नुसता दंडुका उगारला नाही. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली, आणि मिलमधली हवा सुसह्य व्हावी म्हणून यंत्रं बसवली. मास्लोचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. तुझी पेस्टिंगची शेड पत्र्याची आहे का? मे महिन्यात दुपारी दोनला तिथे खुर्ची टाकून एक तास बसून बघ. मग शनिवारच्या खेळांचे पैसे कुठे घालायचे ते वेगळं सांगावं लागणार नाही. खेळ बंदच कर. दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईला शेवटच्या अर्ध्या तासात फुगे फुगवायला लावणं हे मला कधीच कळलं नाही.

मास्लोबद्दल थोडं सांगतो, कारण माणसाच्या गरजांचा तो पायऱ्यापायऱ्यांचा त्रिकोण तुझ्या केबिनच्या भिंतीवर असणार अशी मला शंका आहे. १९४३ च्या त्याच्या मूळ लेखात त्रिकोण नाहीच. तो नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी काढला. आधी पोट, मग सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान, ही पायऱ्यांची चढण कडक नाही हे त्यानं स्वतःच त्या लेखात लिहिलंय. आपल्या शहराला तर ते सांगायची गरजच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसं आली, त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी उद्याच्या भाकरीची खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेब इज्जत आणि लाभ यांबद्दलच बोलले, आणि माणसाला कशाची किंमत जास्त असते तेही त्यांनी सांगितलं. ज्या गावात हे घडलं, तिथल्या मालकानं कामगाराचा पगार पुरता होईपर्यंत त्याच्या मानाचा विषय नंतर बघू म्हणू नये. मामांचं जे दुखलंय ते पहिल्या पायरीवरचं नाही.

म्हणून नुसतं पाकीट वाढवू नको. पगारातली तफावत झेपेल तेवढी उघडपणे कमी कर, मागच्या दारानं काही देऊ नको. पण खरं काम वेगळं आहे. स्टिचिंगचं मशीन कधी थांबवायचं, तार कुठली घ्यायची, मिस्त्री कधी बोलवायचा, हे मामांनी ठरवायचं आणि सुपरवायझरनं पाळायचं, असं त्या मुलासमोर आणि सगळ्यांसमोर सांग. मुलगा चांगला आहे म्हणतेस, तर त्यालाच मामांकडे महिनाभर शिकायला बसव. डिप्लोमात हे शिकवत नाहीत, त्यालाही बरं वाटेल.

जमलं तर पुढे आणखी एक करून बघ. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस नावाचा लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा माणूस आला होता. नवे ऑटोमॅटिक माग येऊनही कापड वाढत नव्हतं, खराबीही होत होती. एकेकाला एकेक तुकडा काम वाटून दिलेलं, त्यामुळे कुठल्याच मागांचा जथा कुणाचा असा नव्हता. राइसनं सुचवलं की काही माग मिळून एका छोट्या गटाकडे पूर्ण सोपवा. गट कुणी कुणासोबत करायचे ते विणकरांनी स्वतःच ठरवून टाकलं. स्थिरावायला वेळ लागला, पण कापड वाढलं आणि खराबी घटली. तुझ्याकडे पुठ्ठ्याला घडीच्या रेघा पाडणारा क्रीझिंगवाला पेस्टिंगला ओळखत नाही, पेस्टिंग स्टिचिंगला. संत्र्याच्या बॉक्सची एक ऑर्डर सात-आठ जणांच्या गटाकडे रीलपासून बंडलपर्यंत देऊन बघ. वेस्टेज कुठे होतं ते त्यांचं त्यांनाच दिसेल.

नवऱ्याचा ‘धाक’ राहिला. मॅकग्रेगरनं १९६० मध्ये याला थिअरी एक्स म्हटलं: माणूस मुळात कामचुकार आहे असं धरून चाललं की आपण तसे नियम करतो आणि त्या नियमांना माणसं तशीच उत्तरं देतात. ५० रुपयांची पावती हे त्याचंच उत्तर होतं. नवऱ्याला माझा नमस्कार सांग आणि हा परिच्छेद वाचायला दे.

कोणता सिद्धांत लावू, असं तू विचारलंस. हॉथॉर्नमध्येच १९२८ ते १९३० या काळात २०,००० वर कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला साहेब लोक ठरलेले प्रश्न घेऊन बसत. लोक उत्तर सोडून भलतंच बोलायला लागायचे, घरचं, आजारपणाचं, शेजारच्या माणसाचं. शेवटी त्यांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि ज्याला जे बोलायचं ते बोलू दिलं. तू त्या लोकांची उत्तरं पाठ करून आलीस, त्यांनी ऐकण्यात घालवलेली दोन वर्षं पुस्तकात दोन ओळींत उरकली होती. तुझ्याकडे फक्त ३१ जण आहेत. रोज एक, तर सुट्ट्या धरून महिना-सव्वा महिना पुरतो.

पहिले मामाच. त्यांना केबिनमध्ये बोलावू नको, तिथे त्रिकोण आहे. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतं तेव्हा तू तिकडे जा आणि तारेबद्दल विचार, सध्याची कशी आहे, आधीची बरी होती का. माफी वगैरे तेव्हाच मागायची घाई करू नको, ते अवघडतील.

आणि बायांशी वेळेचं बोलशील तेव्हा शाळांचंही आत्ताच विचारून घे. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात, त्या आठवड्यात सकाळचं सगळं गणित पुन्हा बदलतं. मग जुलैत मला परत पत्र टाकशील की साडेआठलाही उशीर होऊन राहिला.

— तुझा काका